प्रतिकारशक्ती कमी असताना विषाणूचा जोरदार संसर्ग : सोलापूरच्या रुग्णांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

किडनी बसवलेले, केमो चालू असलेले, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे, एआरटीवर (एचआयव्हीच्या गोळ्यांवर) असलेले असे रुग्ण आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही ठिकाणी औषधांचे डोस दिले आहेत. ते डॉक्टर काय करताहेत हे कळावं म्हणून. मेडिकलमधून परस्पर आणून घेण्यासाठी नाहीत, कारण यातल्या बहुतेक औषधांचा डोस किडनीच्या रिपोर्टवर ठरतो.

प्रतिकारशक्ती कमी म्हणजे नेमकी कोणाची? हल्ली सगळेच म्हणतात, माझी इम्युनिटी कमी झाली.

थकवा येतो, सारखी सर्दी होते, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. इथे आपण बोलतोय ते किडनी किंवा लिव्हर बसवल्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा गोळ्या घेणाऱ्यांबद्दल, केमोच्या रुग्णांबद्दल, रक्ताच्या कॅन्सरबद्दल, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांबद्दल. एचआयव्हीत सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) दोनशेच्या खाली गेलेले यात येतात. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक काळ घेणारेही येतात, आणि नेमके हेच लोक स्वतःला या यादीत धरत नाहीत. ‘मला काय, नुसता वात आहे’ असं म्हणतात.

रिटुक्सिमॅब हे रक्ताच्या कॅन्सरवर आणि संधिवातावर देतात ते इंजेक्शन घेतलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. शेवटचं इंजेक्शन होऊन सहा महिने झाले तरी अँटिबॉडी (विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं) तयार करणाऱ्या पेशी पुरत्या परतलेल्या नसतात. कोणत्याही नव्या डॉक्टरला हे आपणहून सांगा. ‘सध्या काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका.

डायलिसिसचे आणि साखर हाताबाहेर गेलेले रुग्ण मधल्या गटात मोडतात. इतका धोका नाही, पण चारचौघांपेक्षा जास्त.

साधा व्हायरल चार दिवसांत उतरतो. मग आमच्याच माणसाच्या बाबतीत एवढी धावपळ का?

कारण विषाणूवरचं औषध विषाणूला सहसा मारत नाही, त्याची वाढ रोखून धरतं. शरीरातून त्याला हुसकावण्याचं काम आपल्याच पांढऱ्या पेशींचं असतं. धडधाकट माणसात औषध नसलं तरी त्या ते करतात. इथे त्या पेशीच कमी असतात किंवा मुद्दाम दाबून ठेवलेल्या असतात. म्हणून उपचाराला दोन बाजू असतात. एकीकडे विषाणूचं औषध, दुसरीकडे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती सैल करायची याचा हिशेब. जास्त सैल केली तर बसवलेली किडनी शरीर नाकारतं, नाही केली तर विषाणू आवरत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच ओढाताण दिसेल.

दुसरी गोष्ट, ताप, सूज, लाली ही लक्षणं विषाणू निर्माण करत नाही, आपली प्रतिकारशक्ती लढताना ती दिसतात. लढणारेच कमी असले की आजार वाढत असूनही वरून सगळं शांत वाटतं.

तिसरी गोष्ट, सगळे विषाणू बाहेरून येत नाहीत. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत पडून असतो. सीएमव्ही नावाचा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो. हिपॅटायटीस बी यकृतात दबून राहतो. पहारा ढिला पडला की हे उठतात. त्यामुळे ‘आम्ही तर घराबाहेरही पडलो नाही’ हे खरं असूनही संसर्ग होतो.

किती ताप आला की फोन करायचा?

१००.४ फॅरनहाइट. केमोच्या रुग्णाने सकाळची वाट बघायची नाही. आधी थर्मामीटर लावा, आकडा लिहून ठेवा, मग पॅरासिटामॉलचं विचारा. गोळी देऊन ताप उतरवून आणलं की डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही.

स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला ताप न येताही फोन करावा लागतो. जिना चढताना नवीनच धाप, दोन दिवसांहून जास्त जुलाब, नजर अंधुक होणं, बोलण्यात गोंधळ, अंगावर पाणी भरलेले फोड, लघवी कमी होणं, यातलं काहीही पुरेसं आहे.

केमोचा रुग्ण पोचला की बहुतेकदा आधी अँटिबायोटिकच लावतात, तेही तासाभरात. ‘व्हायरल आहे तर अँटिबायोटिक कशाला?’ असं घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे, अँटिबायोटिकने विषाणूला काही होत नाही. पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना जिवाणूचा ताप काही तासांत रक्तदाब पाडू शकतो, आणि पहिल्या तासात कुणालाच खात्रीने सांगता येत नाही की हा ताप कशाचा. रिपोर्ट आले की ते बंदही करतात.

गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतलं की ताप उतरतो. ते घेऊन पुढे गेलं तर?

घेऊ नका. हे स्पष्टच लिहायला हवं, कारण सोलापुरात काय आणि खेड्यात काय, तापाला ‘एक सुई’ ही सवयच झाली आहे. त्या सुईत पुष्कळदा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून बसतो, आणि आधीच दबलेली प्रतिकारशक्ती आणखी दबते. दुसरी नेहमीची सुई डायक्लोफेनॅकची. बसवलेल्या किडनीला आणि डेंगीतल्या प्लेटलेटना ती महागात पडू शकते.

तिसरा धोका गोळ्यांचा. घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं. दवाखान्यातल्या डॉक्टरची चूक असेलच असं नाही, टॅक्रोलिमस चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चालू औषधांच्या यादीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

विषाणूवर औषधच नसतं म्हणतात. मग सलाईनमधून देतात ते काय?

सगळ्या विषाणूंवर नाही, पण काहींवर चांगली औषधं आहेत. नागीण, कांजिण्या आणि हर्पिस यांवर अ‍ॅसिक्लोव्हिर. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं, त्या गरट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. पन्नासेक वर्षं जुनं औषध आहे, पण अजून त्याच्यावाचून चालत नाही. आजार अंगभर पसरला असेल, फुप्फुसात किंवा मेंदूत गेला असेल, तर वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, शिरेतून देतात. प्रत्येक डोस तासभर हळूहळू सोडतात, कारण घाईने दिलं आणि अंगात पाणी कमी असलं की औषधाचे बारीक स्फटिक किडनीच्या नळ्यांत अडकतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा रुग्ण दाखल होतानाच सुकलेला असतो. म्हणून औषधाच्या आधी आणि बरोबर सलाईन असतं. ‘सलाईन कशाला, औषध द्या ना’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर.

सीएमव्हीवर गॅनसिक्लोव्हिर, फ्लूवर ओसेल्टामिव्हिर, कोविडवर रेमडेसिव्हिर आणि निर्मॅट्रेलव्हिर, हिपॅटायटीस बीवर टेनोफोव्हिर आणि एंटेकॅव्हिर. अ‍ॅडिनोव्हायरस आणि बसवलेल्या किडनीला त्रास देणारा बीके व्हायरस यांवर मात्र भरवशाचं औषध नाही. डेंगी आणि चिकुनगुन्यावर तर नाहीच.

आईला केमो चालू आहे आणि कमरेला नागीण निघाली. सगळे म्हणतात आधी उतरवून घ्या, तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो.

माणूस जातो तो जुळण्याने नव्हे, उशिराने. नागिणीचा विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं दिसतं. प्रतिकारशक्ती खूप कमी असली की तो पट्टा ओलांडून इतरत्रही फोड येऊ शकतात. आजार आत पसरत असल्याची ती खूण असते. जुन्या लोकांनी पाहिलं ते कदाचित हेच असेल, पण त्याचं कारण तोंड-शेपटीचं नाही.

उतरवणाऱ्याकडे गेरूचा लेप लावतात, पाला बांधतात, तीन किंवा पाच वाऱ्या सांगतात. लेपाने फोडात जिवाणू शिरतात हे एक नुकसान, आणि त्या वाऱ्यांत औषधाचे मोलाचे दिवस जातात हे दुसरं, त्याहून मोठं. फोड दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला मात्र ७२ तास उलटून गेले तरी औषध देतात, ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडत नाहीत. नेहमीचा डोस म्हणजे व्हॅलासिक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा अ‍ॅसिक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, किमान सात दिवस. किडनी कमजोर असेल तर कमी.

घरी गोळ्यांवर भागवायचं की दाखल करायचं? कपाळावर, डोळ्याजवळ किंवा कानात फोड असतील तर दाखल करा. नाकाच्या शेंड्यावर एक जरी फोड असला तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. पट्ट्याबाहेर फोड आले, खोकला किंवा धाप लागली, डोकं दुखून गुंगी आली, तरीही दाखल करा.

घरातल्या कुणाच्या श्रद्धेवरून भांडत बसू नका. अंगारा लावायचा तर कपाळाला लावा, फोडांना नको, आणि गोळी त्याच दिवशी सुरू करा.

किडनी बसवून चार महिने झाले. ताप नाही, पण जुलाब आहेत आणि पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. पुण्याच्या डॉक्टरांनी सीएमव्ही तपासायला सांगितलं. हे काय आहे?

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्यारोपणानंतर पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः प्रतिबंधक गोळ्या थांबवल्यानंतर, तो डोकं वर काढतो. ताप, पांढऱ्या पेशी घटणं, जुलाब, धाप, यकृताचे आकडे वाढणं ही त्याची नेहमीची रूपं.

तपासणी रक्ताच्या पीसीआरची, म्हणजे व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे त्या आकड्याची). अँटिबॉडीचा रिपोर्ट इथे निरुपयोगी आहे. आपल्याकडे तो बहुतेकांचा पॉझिटिव्हच येतो आणि त्यावरून आजार आत्ता चालू आहे की नाही ते कळत नाही. व्हायरल लोड पुढे पुन्हा पुन्हा करावा लागतो. दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करा, दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. सोलापुरातून रक्त पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर रिपोर्टला लागणारे दिवस धरून चला. माणूस आजारी दिसत असेल तर डॉक्टर रिपोर्टआधीच औषध सुरू करतात.

आजार गंभीर असेल तर गॅनसिक्लोव्हिर शिरेतून, दर किलोला ५ मिलिग्रॅम, बारा तासांनी एकदा. सुधारणा दिसली की व्हॅलगॅनसिक्लोव्हिरच्या गोळ्या. सहसा किमान दोन-तीन आठवडे, आणि लक्षणं जाऊन व्हायरल लोड खाली येईपर्यंत. ‘बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडलं तर विषाणू परत येतो आणि औषधाला निर्ढावलेला येऊ शकतो. दोन आठवडे नीट औषध घेऊनही आकडा हलत नसेल तर डॉक्टरांना तीच शंका येते. मग फॉस्कारनेटचा विचार होतो. ते किडनीवर आणि रक्तातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर परिणाम करतं, म्हणून दाखल करूनच देतात. अशा हट्टी सीएमव्हीसाठी मॅरिबॅव्हिर नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

गॅनसिक्लोव्हिर स्वतःही पांढऱ्या पेशी कमी करतं. म्हणजे आजाराने कमी, औषधानेही कमी. म्हणून आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवायची नाही. पेशी उतरल्या म्हणून घरीच डोस निम्मा करू नका, कमी डोसात विषाणू निर्ढावण्याची भीती जास्त. व्हॅलगॅनसिक्लोव्हिरची गोळी फोडू-कुटू नका, आणि गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

क्रिएटिनिन वाढलं. एक डॉक्टर म्हणतात शरीर किडनी नाकारतंय, दुसरे म्हणतात बीके व्हायरस असेल. दोघांचं ऐकायचं कसं?

दोघांनाही बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) हवी असणार, आणि ती करू द्यावी. दोन्हींत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, सारखंच वाढतं, पण उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. शरीर किडनी नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीके असेल तर सैल सोडायची. अंदाजाने स्टेरॉइडचे मोठे डोस दिले आणि निघाला बीके, तर किडनी हातची जाऊ शकते. बीकेवर सिद्ध झालेलं औषध नाही. मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस टप्प्याटप्प्याने कमी करून शरीराला लढू देणं हाच मुख्य उपचार. पहिल्या दोन वर्षांत ठरावीक काळाने रक्तात बीके तपासतात, ते क्रिएटिनिन वाढायच्या आधीच सापडावा म्हणून. तब्येत ठीक आहे म्हणून ती तपासणी वगळू नका.

मग संसर्ग झाला की टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड आपणच बंद केलं तर?

नाही. कमी करायचं ते ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी, आकडे बघून. स्टेरॉइड तर एकदम थांबवायचंच नाही. खूप दिवस गोळी घेतल्याने शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, आणि आजारपणातच त्याची गरज वाढते. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळतो.

उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकत नसेल तर हे फोनवर आधी सांगा. जुलाबाचं मात्र उलटं आहे. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढते. पातळीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघणारे गोळी घेऊनच गाडीत बसतात आणि पुण्यात दिलेला तो रिपोर्ट फुकट जातो. गोळी बरोबर न्या, रक्त दिल्यावर घ्या.

फ्लू आणि कोविडचं काय? आता तर सगळे विसरलेत.

विसरण्यासारखी परिस्थिती या रुग्णांची नाही. फ्लूची शंका आली की ओसेल्टामिव्हिर, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रिपोर्टची वाट न बघता. ४८ तासांच्या आत सर्वात चांगलं, पण नंतरही देतात, आणि पाच दिवसांऐवजी जास्त दिवस द्यावं लागू शकतं.

कोविडमध्ये निर्मॅट्रेलव्हिरबरोबर रिटोनाव्हिर असतं. हे रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसची पातळी कितीतरी पटींनी चढवतं, इतकी की किडनीला विषबाधा व्हावी. म्हणून किडनी बसवलेल्यांना बहुतेक डॉक्टर तीन दिवसांचं रेमडेसिव्हिर पसंत करतात. डेक्सामेथासोन ऑक्सिजन लागत असेल तरच. या रुग्णांच्या घशा-नाकातून विषाणू वीस दिवस किंवा त्याहूनही जास्त काळ बाहेर पडत राहू शकतो, तेव्हा पाचव्या दिवशी मास्क काढून नातवंडात बसायचं नाही.

एआरटी चालू आहे. मलाही हे सगळं लागू आहे का?

गोळ्या नियमित असतील, व्हायरल लोड दबलेला असेल आणि सीडी४ चांगला असेल तर फारसं नाही. सीडी४ पन्नासच्या खाली असेल तर सीएमव्ही डोळ्याच्या पडद्यावर बसू शकतो. डोळ्यासमोर ठिपके तरंगणं, पडदा आल्यासारखं वाटणं, ही तातडीची लक्षणं आहेत. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. जागी होणारी प्रतिकारशक्ती दडलेल्या आजारावर तुटून पडते म्हणून. गोळ्या सोडू नका, सिव्हिलच्या एआरटी केंद्रात दाखवा. १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

वडिलांना रिटुक्सिमॅब द्यायच्या आधी हिपॅटायटीस बीची तपासणी सांगितली. त्यांना कधी कावीळ झालीच नाही.

तरी करा. संसर्ग लहानपणी होऊन शांत राहिलेला असतो. रिटुक्सिमॅबने पहारा उठला की तो भडकतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन साध्या रक्ततपासण्या, आणि गरज असेल तर आधीपासून एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर. या गोळ्या रिटुक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवतात. कॅन्सर बरा झाला म्हणून सोडणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि आजार भडकतो तो नेमका त्यानंतर. हिपॅटायटीस बी आणि सीची औषधं २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

डोळे पिवळे दिसले तर काविळीचं गावठी औषध पाजायला, नाकात टाकायला नेऊ नका.

प्रतिकारशक्ती कमी आहे तर वाढवणारा काढा, गुळवेल का नको?

किडनी बसवलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती चुकून कमी झालेली नाही, लाखो रुपये खर्चून मुद्दाम कमी ठेवली आहे. ती खरोखर वाढवणारं काही सापडलं तर ते आधी किडनीवर उठेल. आणि गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. हळदीचं दूध, आल्याचा चहा यांबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पपनस मात्र टाळा, त्यानेही टॅक्रोलिमसची पातळी वाढते.

डेंगी झाला तर?

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं, टाक्या, हौद भरलेले असतात आणि डेंगीचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. रुग्णाच्या घरी तरी भांडी झाकलेली हवीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायला हवीत.

उपचार म्हणजे मोजून पाणी, पॅरासिटामॉल आणि रोजची तपासणी. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंगीची रक्ततपासणी. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वात जोखमीचे, तेव्हाच घरी सोडायचा आग्रह धरू नका. केमोमुळे प्लेटलेट आधीच कमी असतील तर आधीचे रिपोर्ट दाखवा, नाहीतर सगळी घट डेंगीच्या खात्यावर जाते. पपईच्या पानांच्या रसाने उलट्या वाढल्या तर रुग्णाच्या अंगातलं पाणीच कमी होतं.

नातवाला कांजिण्या आल्या. आजोबांचं केमो चालू आहे आणि दोघं एकाच खोलीत झोपत होते.

आजच फोन करा, फोड यायची वाट बघू नका. कांजिण्यांचा विषाणू फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरत असतो, म्हणजे संपर्क होऊन गेला आहे. पहिला प्रश्न, आजोबांना कांजिण्या पूर्वी झाल्या होत्या का? नक्की माहीत नसेल तर अँटिबॉडी तपासतात. संरक्षण नसेल तर कांजिण्यांविरुद्धचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. ते मिळालं नाही तर संपर्काच्या सातव्या दिवसापासून अ‍ॅसिक्लोव्हिरच्या गोळ्या आठवडाभर देण्याची पद्धत आहे.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नातू दुसऱ्या घरी. घरात ‘देवी आल्या’ म्हणून लिंबाचा पाला बांधला तरी हरकत नाही, पण आजोबांना पाया पडायला, दर्शनाला त्या खोलीत नेऊ नका.

औषधाने विषाणू हटतच नाही तेव्हा दात्याच्या पेशी देतात म्हणे. ते काय आहे?

ठरावीक विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी दात्याच्या रक्तातून वेगळ्या करतात, वाढवतात आणि रुग्णाला शिरेतून देतात. मूळ कल्पना सरळ आहे, लढणारे नाहीत तर बाहेरून आणा. १९९० च्या दशकात बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत सीएमव्ही आणि ईबीव्ही (एपस्टाइन-बार व्हायरस) यांच्यासाठी याची सुरुवात झाली. तेव्हा दाता तोच असे ज्याने मॅरो दिला. पुढे अनोळखी दात्यांच्या पेशी गोठवून साठवायच्या आणि एचएलए (पेशींवरची ओळखखूण) थोडंफार जुळणाऱ्या रुग्णाला लगेच द्यायच्या, इथपर्यंत काम आलं. ईबीव्हीमुळे होणाऱ्या लसिका ग्रंथींच्या आजारासाठी अशा तयार पेशींच्या टॅबेलेक्ल्यूसेल या उपचाराला डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघात मान्यता मिळाली. जगातला तो पहिलाच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एकाच वेळी अनेक विषाणूंवर चालतील अशा तयार पेशींच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०२३ च्या शेवटी थांबवाव्या लागल्या, कारण फायदा सिद्ध होण्याची चिन्हं नव्हती. शिवाय रुग्ण मोठ्या डोसात स्टेरॉइडवर असेल तर दिलेल्या पेशीही दबतात. तेव्हा इंटरनेटवर वाचून ‘पेशी मिळवून द्या’ म्हणत जमीन विकायला निघू नका. बोन मॅरो ट्रान्सप्लांट जिथे झाला, तिथल्या टीमला विचारा, चाचणीत बसत असाल तर तेच सांगतील.

लस घ्यायची की नाही?

जिवंत विषाणूची लस या रुग्णांना नको, म्हणजे कांजिण्या, गोवर-रुबेला, पिवळा ताप. मेलेल्या विषाणूची किंवा नुसत्या तुकड्याची चालते. फ्लूची दरवर्षी, हिपॅटायटीस बीची (डायलिसिसवर दुप्पट मात्रेत), आणि नागिणीची नवी लस, जी भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते. तिचे दोन डोस. ती महाग आहे, पण नागिणीचं दुखणं महिनोन्महिने सोसलेला माणूस किंमत विचारत नाही. जमलं तर केमो किंवा प्रत्यारोपणाच्या आधी घ्या, नंतर शरीर तितकी अँटिबॉडी बनवत नाही. म्हणूनच घरातल्या इतरांनी घेतलेली लस रुग्णाच्या कामी येते. बाळाला पोलिओचे थेंब दिले असतील तर त्याची शी-शू रुग्णाने काढू नये.

सगळं सोलापुरात होतं की पुण्या-मुंबईला पळायचं?

नागीण, फ्लू, डेंगी, कोविड, हिपॅटायटीस यांचे उपचार इथे होतात. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे, मोठी सहकारी आणि खासगी रुग्णालयं आहेत, कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आहे. हट्टी सीएमव्ही, बीकेची बायोप्सी, मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचा कुठलाही जोरदार संसर्ग यासाठी जिथे प्रत्यारोपण झालं तिथल्या टीमचा शब्द हवा. पण शब्द फोनवरही मिळतो. धाप लागलेल्या माणसाला गाडीत घालून अडीचशे किलोमीटर पुण्याला नेण्याआधी इथे ऑक्सिजन आणि पहिला डोस द्या, दोन्हीकडच्या डॉक्टरांना बोलू द्या, मग ठरवा. गाडी हवी तर १०८.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं काय बसतं, ते दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

गड्ड्याच्या यात्रेला (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला), आषाढीला पंढरपूरला गेलं तर चालेल?

प्रत्यारोपणानंतरचं पहिलं वर्ष आणि केमो चालू असताना नको. पुढे डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, गर्दीची वेळ टाळून. नंदीध्वजांची मिरवणूक गच्चीतूनही दिसते.

कुत्रा चावला तर काही वेगळं करायचं का?

हो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. नुसतं खरचटलं असेल, रक्त आलं नसेल, तर इतरांना फक्त रेबीजची लस देतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला त्या खरचटण्यालाही लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं, कारण लसीवर त्याचं शरीर पुरेशा अँटिबॉडी बनवेल याची खात्री नसते. इंजेक्शनच्या रांगेत केसपेपर काढतानाच सांगा, ‘किडनी बसवली आहे’ किंवा ‘केमो चालू आहे’. सगळे डोस पूर्ण झाल्यावर चौदा दिवसांनी अँटिबॉडी तपासता येत असतील तर तपासून घ्या.